विश्लेषण : ४० अश्वशक्तीची ‘नेकेड’ बाइक कर्जत-खालापूरच्या रस्त्यावर नेमकी कशासाठी?

पावसाळा सुरू झाला की शनिवार-रविवारी सकाळी कर्जतच्या चारफाट्यावर दुचाकींच्या रांगा लागतात. मुंबई, ठाणे, पनवेल, पुणे अशा चारही बाजूंनी लोक येतात. काही वर्षांपूर्वी या रांगेत बुलेट, पल्सर आणि अधूनमधून एखादी केशरी ड्यूक दिसत असे. आता ट्रायम्फची स्पीड ४००, रॉयल एन्फिल्डची गुरिल्ला ४५०, बजाजची पल्सर एनएस४०० झेड अशा ४०० सीसीच्या आसपासच्या, समोरून कोणतेही आवरण नसलेल्या बाइक सर्रास दिसतात. त्या केवळ पाहुण्यांच्या नाहीत. नेरळ, खोपोली, चौक भागातील तरुणही हप्त्यावर याच गाड्या घेऊ लागले आहेत. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे गणित बदलले आणि ३५० सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या दुचाकीवर ४० टक्के कर लागू झाला. दोन-अडीच लाखांची ही गाडी या दोन तालुक्यांतील रस्त्यांवर खरोखर काय देते आणि जाहिरातीतले किती आकडे इथे कामाचे आहेत, हे त्यामुळे तपासून पाहायला हवे.

‘नेकेड’ म्हणजे काय?

रेसिंगच्या बाइकला वारा कापण्यासाठी समोर आणि बाजूला प्लास्टिकचे आवरण असते, त्याला फेअरिंग म्हणतात. ते काढून टाकले की इंजिन, रेडिएटर, चॅसी सगळे उघडे दिसते. हँडल थोडे वर येते, बसण्याची पद्धत सरळ होते आणि वळायला गाडी हलकी वाटते. वारा मात्र थेट छातीवर येतो. म्हणून ताशी शंभरच्या पुढे नेकेड बाइकवर फार वेळ बसणे सुखाचे नसते. कर्जत-खालापूरमध्ये ही उणीव आड येत नाही, कारण इथे इतका वेग गाठायला ना कायदा परवानगी देतो ना रस्ता. केंद्राच्या २०१८च्या अधिसूचनेनुसार दुचाकीला चौपदरी रस्त्यावर कमाल ताशी ८० आणि इतर रस्त्यांवर ६० किलोमीटरची मर्यादा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नाही. खालापूरचा प्रसिद्ध टोलनाका दुचाकीस्वाराला लांबूनच दिसतो. त्याच्या वाट्याला येतो तो खोपोलीतून जाणारा जुना महामार्ग, शिंगरोबाच्या देवळाजवळून चढणारा बोरघाट, कर्जत-खोपोली, कर्जत-मुरबाड, चौक-कर्जत हे रस्ते आणि नेरळ-माथेरान घाट.

आकडे काय सांगतात?

या वर्गाची सुरुवात भारतात २०१३ साली केटीएम ३९० ड्यूकने झाली, असे म्हणायला हरकत नाही. बजाजने २००७ मध्ये केटीएममध्ये हिस्सा घेतला होता आणि ही गाडी पुण्याजवळच्या चाकणमध्ये तयार होऊ लागली. तेव्हा ३७३ सीसीच्या इंजिनातून ४३.५ अश्वशक्ती मिळत होती. २०२३ मध्ये आलेल्या नव्या ड्यूकचे इंजिन ३९९ सीसीचे झाले, ताकद ४६ अश्वशक्ती आणि टॉर्क ३९ न्यूटन-मीटर.

त्याच वर्षी जुलैमध्ये ट्रायम्फ स्पीड ४०० आली. तीही चाकणची. ३९८ सीसी, ८००० आरपीएमला ४० अश्वशक्ती, ६५०० आरपीएमला ३७.५ न्यूटन-मीटर टॉर्क, वजन १७० किलो आणि सुरुवातीची शोरूम किंमत २ लाख ३३ हजार. मे २०२४ मध्ये बजाजने एनएस४०० झेड १ लाख ८५ हजारांत आणून सगळ्यांची झोप उडवली. ताकद तीच, ४० अश्वशक्ती. जुलै २०२४ मध्ये गुरिल्ला ४५० आली. तिचे ४५२ सीसीचे इंजिन ५५०० आरपीएमलाच ४० न्यूटन-मीटर देते.

यूट्यूबवरचे बहुतेक परीक्षण इथेच थांबते. शून्य ते शंभर किती सेकंदांत, टॉप स्पीड किती, एक्झॉस्टचा आवाज कसा. पण हे आकडे मोजले जातात ते मोकळ्या, सपाट, कोरड्या रस्त्यावर. तसा रस्ता कर्जत तालुक्यात शोधायला गेले तर पेट्रोल संपेल, रस्ता सापडणार नाही.

घाट चढायला किती ताकद लागते?

हे गणित अकरावीच्या भौतिकशास्त्राचे आहे आणि निकाल थोडा गंमतीदार आहे. गाडी १७० किलो, चालवणारा ७५, मागे बसणारी व्यक्ती ६५ आणि सामान १० असे एकूण ३२० किलो वजन धरू. रस्ता दर दहा मीटरला एक मीटर चढतो असे मानू (नेरळ-माथेरान घाटातली काही वळणे याहून तीव्र आहेत). ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने हा चढ चढायचा तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध साधारण ३१५ न्यूटन, टायरच्या घर्षणासाठी ६० आणि वाऱ्यासाठी ४५, असे ४२० न्यूटन बळ लागते. त्याला वेगाने गुणले की उत्तर येते अंदाजे ४.७ किलोवॉट. म्हणजे साडेसहा अश्वशक्तीच्या आत!

सपाट रस्त्यावर एकट्याने ताशी ६० ने जायला तर चार अश्वशक्तीही पुरतात. मग ४० कशाला?

एक प्रामाणिक उत्तर आहे : ओव्हरटेक. जुन्या महामार्गावर खोपोलीच्या अलीकडे कंटेनरच्या मागे ताशी ४० ने चाललेल्या बाइकला ८० चा वेग गाठून सुरक्षित पुढे जायचे असेल आणि त्यासाठी चार सेकंद हाताशी असतील, तर चाकावर सरासरी १९-२० अश्वशक्ती मिळायला हवी. हंटर ३५० सारख्या गाडीची एकूण ताकदच २० च्या आसपास आहे. तिला हे करायला दीड-दोन सेकंद जास्त लागतात आणि तेवढ्यात साधारण ३० मीटर रस्ता अधिक खर्च होतो. समोरून एसटी येत असेल तर हे ३० मीटर लहान नाहीत. चाळीस अश्वशक्तीची गाडी हेच काम अर्ध्या थ्रॉटलवर, गडबड न करता करते. मोठ्या इंजिनाचा खरा फायदा हा आहे. तो वेगापेक्षा वेळेचा आहे, आणि तो दिवसातून चार-पाच वेळाच लागतो.

उरलेल्या वेळी लागतो तो पिकअप. म्हणजे गतिरोधक ओलांडून, रिक्षाला वाट देऊन, तिसऱ्या गिअरमध्येच पुन्हा वेग घेण्याची क्षमता. ती ठरते कमी आरपीएमवरच्या टॉर्कने, जो जाहिरातीच्या फलकावर सहसा छापलेला नसतो. याबाबतीत ट्रायम्फनेच केलेला एक प्रयोग लक्ष देण्यासारखा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने स्पीड टी४ नावाने त्याच इंजिनाची ताकद कमी केलेली गाडी २ लाख १७ हजारांत आणली. ताकद ४० वरून ३१ अश्वशक्तीवर आली, पण ३६ न्यूटन-मीटर टॉर्क ६५०० ऐवजी ५००० आरपीएमलाच मिळू लागला आणि त्यातला ८५ टक्के टॉर्क २५०० आरपीएमपासून उपलब्ध असल्याचे कंपनी सांगते. याचा अर्थ इंजिन अगदी निवांत फिरत असतानाही जवळपास ११ अश्वशक्ती हाताशी असते. वरच्या गणितातला घाट त्यावर आरामात चढतो, गिअर न बदलता.

‘ताकद कमी केली’ म्हणून समाजमाध्यमांवर या गाडीची टिंगल झाली. कर्जतच्या रस्त्यांपुरते बोलायचे तर इंजिनाच्या बाबतीत तीच अधिक शहाणी गाडी आहे. दु:ख वेगळेच आहे. किंमत खाली आणताना कंपनीने ट्रॅक्शन कंट्रोल काढून टाकले, पुढचे उलटे फोर्क काढून साधे शॉकअप दिले आणि वजन १८० किलोवर गेले. ज्याला सर्वाधिक संयमी इंजिन हवे, त्यालाच सुरक्षेची एक सोय कमी, हा हिशेब पटण्यासारखा नाही. विशेषतः एनएस४०० झेडमध्ये त्याहून कमी किमतीत ट्रॅक्शन कंट्रोल आणि पावसासाठी वेगळा मोड मिळत असताना.

ओल्या रस्त्यावर काय होते?

जून ते सप्टेंबर हे दोन्ही तालुके अक्षरशः पाण्यात असतात. धबधब्यांवर जाण्यास प्रशासन दरवर्षी मनाई आदेश काढते, तरी गर्दी थांबत नाही. याच दिवसांत भातलावणी चालू असते. पॉवर टिलर शेतातून बाहेर पडताना चाकाला लागलेला चिखल पन्नास-शंभर मीटर डांबरावर पसरवत जातो. वळणावर हा चिखल, सिमेंटच्या रस्त्याच्या कडेला उघडी पडलेली खडी आणि पांढऱ्या पट्ट्यांवरचा बुळबुळीतपणा, या तिन्हींनी जितक्या दुचाकी आडव्या होत असतील तितक्या वेगाने होत नसाव्यात.

इथे ४० अश्वशक्तीचा दुसरा चेहरा दिसतो. ओल्या चिखलात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल थोडा जास्त पिळला गेला तर मागचे चाक जागेवर फिरते आणि गाडी बाजूला सरकते. ट्रॅक्शन कंट्रोल दोन्ही चाकांच्या फिरण्यातला फरक मोजते आणि मागचे चाक जास्त फिरू लागले की इंजिनाची ताकद क्षणात कमी करते. यासाठी थ्रॉटलची तार नसून इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असला की हे काम सफाईने होते. स्पीड ४००, ड्यूक आणि एनएस४०० झेडमध्ये तो आहे.

एबीएसबद्दल मात्र एक मोठा गैरसमज आहे. १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक आहे, त्यामुळे ‘एबीएस आहे ना’ एवढ्यावर लोक निर्धास्त होतात. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, म्हणून गाडी सरळ राहते. थांबण्याचे अंतर ते जादूने कमी करत नाही, आणि सुट्या खडीवर तर ते वाढूही शकते. वळणात गाडी झुकलेली असताना जोरात ब्रेक दाबला तर साधे एबीएस फारसे वाचवू शकत नाही. त्यासाठी गाडी किती झुकली आहे हे ओळखणारा सेन्सर लागतो. तो नव्या ३९० ड्यूकमध्ये आहे, स्पीड ४०० आणि एनएस४०० झेडमध्ये नाही.

थांबण्याचे अंतर किती? कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक आणि एक सेकंदाची प्रतिक्रिया धरली तर ताशी ६० ला साधारण ३७ मीटर, ८० ला ५७ आणि १०० ला ८० मीटरच्या पुढे. ओल्या रस्त्यावर ८० चे अंतर ७५ मीटरपर्यंत सहज जाते. नेरळ-कर्जत रस्त्यावरच्या कुठल्याही वळणावर पुढचे ७५ मीटर दिसतात का, याचे उत्तर त्या रस्त्याने रोज जाणाऱ्याला सांगायला नको.

वजनाचा मुद्दा यातच येतो. २ फेब्रुवारी १६६१ रोजी याच खालापूर तालुक्यातल्या उंबरखिंडीत कारतलबखानाची अवजड फौज अडकली आणि शिवाजी महाराजांच्या हलक्या फौजेने तिला शरण आणले. अरुंद वाटेत जड असणे महागात पडते, हे इथल्या भूगोलाला तेव्हापासून ठाऊक आहे. बाइकच्या बाबतीत १७० आणि १८५ किलो यातला फरक कागदावर किरकोळ वाटतो. दस्तुरी नाक्याच्या अलीकडे चढावर गाडी थांबवून, उजवा पाय ब्रेकवर ठेवून, डाव्या पायावर ती तोलताना तो जाणवतो. सीटची उंचीही तशीच. स्पीड ४०० ची ७९०, गुरिल्लाची ७८०, एनएस४०० झेडची ८०७ मिलिमीटर. साडेपाच फुटांच्या आतल्या चालकाने या आकड्याकडे अश्वशक्तीच्या आधी पाहावे.

मागे बसणाऱ्याचा विचार कुणी केला?

जवळजवळ कुणीच नाही. या वर्गातल्या गाड्यांची मागची सीट उंच, आखूड आणि कडक असते. शेपूट वर उचललेले, मडगार्ड नावापुरते. दिसायला झकास. पण ही गाडी घरातली एकमेव दुचाकी असेल, तर तिच्यावर आईला घेऊन महडच्या वरदविनायकाला जायचे असते, बहिणीला कर्जत स्टेशनवर लोकलला सोडायचे असते. भर पावसात मागचे चाक रस्त्यावरचा सगळा गाळ मागच्या माणसाच्या पाठीवर उडवते.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी पकडायची जागा, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागचे चाक निम्मे तरी झाकणारे संरक्षण असायला हवे. म्हणून कंपन्या साडीगार्ड देतात. गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात अनेक जण तो ‘लुक बिघडतो’ म्हणून काढून टाकतात. ओढणी किंवा पदर चेनमध्ये अडकून होणारे अपघात लक्षात घेता हे शुद्ध बेपर्वाईचे काम आहे. त्याऐवजी मागचा टायर हगर आणि चिखल अडवणारी रबरी पट्टी लावली, तर पाठीवरची नक्षी तरी टळेल.

इतर गोष्टी थोडक्यात. ही सर्व इंजिने पाण्याने थंड होणारी आहेत. एप्रिल-मेमध्ये कर्जतचा पारा चाळिशीच्या पुढे असताना रविवारच्या कोंडीत रेडिएटरचा पंखा सुरू झाला की गरम हवा थेट मांड्यांवर येते. अॅव्हरेज लिटरला २५ ते ३० किलोमीटरच्या आसपास धरावे. टाकी स्पीड ४०० ची १३ लिटर, गुरिल्लाची ११. स्पीड ४०० ची सर्व्हिस १६ हजार किलोमीटरला एकदा असे कंपनी सांगते, ते आकर्षक आहे. पण मध्येच काही बिघडले तर गल्लीतला मेकॅनिक, जो स्प्लेंडर डोळे झाकून उघडतो, तो इथे हात टेकतो. बिघाड शोधायलाच कंपनीचे यंत्र लागते.

३५० सीसीची रेषा कुठून आली?

आता कराकडे. आधी ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर २८ टक्के आणि त्यापुढे २८ अधिक ३ टक्के उपकर म्हणजे ३१ टक्के लागत होते. दोन्हींत फरक तीन टक्क्यांचा होता. नव्या रचनेत लहान इंजिनावर १८ टक्के आणि मोठ्यावर ४० टक्के, म्हणजे फरक २२ टक्क्यांचा झाला. दोन गाड्यांची करापूर्वीची किंमत दीड लाखच असेल, तर ३४९ सीसीची गाडी १ लाख ७७ हजारांना पडते आणि ३९८ सीसीची २ लाख १० हजारांना. ३३ हजारांचा फरक केवळ त्या ४९ सीसीसाठी. शोरूमची किंमत वाढली की टक्क्यांत मोजला जाणारा राज्याचा एकरकमी वाहनकर आणि कर्जाचा हप्ताही वाढतो. काही कंपन्यांनी सुरुवातीला हा बोजा ग्राहकावर पूर्णपणे टाकला नाही, पण असे कायम चालत नाही.

मोठी गाडी म्हणजे चैन, चैनीवर जास्त कर, हा विचार वरवर ठीक वाटतो. अडचण अशी की सीसीवरून ताकदही कळत नाही आणि धोकाही. टीव्हीएस अपाचे आरटीआर ३१० चे इंजिन ३१२ सीसीचे आणि ताकद ३५.६ अश्वशक्ती. तिच्यावर १८ टक्के. स्पीड टी४ चे इंजिन ३९८ सीसीचे, ताकद ३१ अश्वशक्ती. तिच्यावर ४० टक्के. म्हणजे मोठे इंजिन घेऊन ते मुद्दाम शांत करणाऱ्याला दंड आणि छोटे इंजिन जास्त आरपीएमला पिळणाऱ्याला सवलत. अपाचे वाईट आहे असे नाही, पण तिची पूर्ण ताकद ९७०० आरपीएमला मिळते. नेरळच्या घाटात मागे माणूस बसवून ते इंजिन वरचेवर गिअर बदलायला लावणार.

कर लावायचाच तर तो ताकद आणि वजन यांच्या गुणोत्तरावर किंवा किमतीवर लावता आला असता. किंवा ट्रॅक्शन कंट्रोल, वळणातले एबीएस अशा सुरक्षेच्या सोयी देणाऱ्या गाड्यांना थोडी सूट देता आली असती. सध्याच्या रेषेने कंपन्यांना एकच इशारा दिला आहे : इंजिन ३५० च्या खाली आणा. तसे करताना गमवायचे काय, तर नेमका तो खालचा टॉर्क, जो या डोंगराळ भागात सर्वाधिक उपयोगाचा आहे.

तोवर घेणाऱ्यापुढे निवड अशी राहते. रोज कर्जत-खोपोली एकट्याने जाणे-येणे आणि महिन्यातून एखादी लांबची फेरी असेल, तर ३५० च्या आतली गाडी पुरते आणि वाचलेल्या ३०-३५ हजारांत चांगले हेल्मेट, रेनसूट, बूट येऊन वर एक-दोन हप्ते निघतात. जुन्या महामार्गावर पनवेल किंवा पुण्याकडे रोजची जा-ये असेल, ट्रक-कंटेनर ओलांडणे टळत नसेल, तर ४०० च्या गाडीचे जादा पैसे वसूल होतात, पण ट्रॅक्शन कंट्रोल असलेलीच घ्यावी. टेस्ट राइडही शोरूमसमोरच्या सरळ रस्त्यावर उरकू नये. सेल्समनला विनंती करून घरातल्या माणसाला मागे बसवावे, एखादा चढ शोधावा, तिसऱ्या गिअरमध्ये ताशी २५ वर येऊन थ्रॉटल उघडावा. इंजिन खडखडले, गचके दिले, तर ब्रोशरवरचे ४० अश्वशक्तीचे वाक्य तिथेच सोडून पुढच्या शोरूमकडे वळायला हरकत नाही.